सहा ठिपक्यांचे पाठ्यपुस्तक

जून महिन्यात शाळा उघडली की नव्या पुस्तकांना कव्हरे घालण्याची घरोघरी गडबड उडते. पहिल्या आठवड्यातच गुरुजी विज्ञानाचा पहिला धडा सुरू करतात. आता अशी कल्पना करा की, तुमच्याच बाकावर एक अंध विद्यार्थिनी बसली आहे. तिला ब्रेल लिपी उत्तम येते, ओळीवरून तिची बोटे भराभर फिरतात. पण तिच्या हाती पुस्तकच नाही. ते 'तयार होत आहे'. ती धडा कानांनी ऐकते आणि घरी कोणी वाचून दाखवला तर पुन्हा एकदा ऐकते. सहामाही परीक्षा तोंडावर येते तेव्हा पुस्तकाचा पहिला खंड येऊन पडतो. त्यात पहिले तीन धडे असतात आणि वर्ग तोवर आठव्या धड्यावर पोचलेला असतो.

हा उशीर कशामुळे होतो? कोणी म्हणेल, ब्रेल छपाईला वेळ लागत असेल. पण आजचे चांगले ब्रेल छपाईयंत्र तासाभरात काही शेकडो पाने काढते. वेळ लागतो तो त्याआधी, धड्यांचा मजकूर संगणकात योग्य स्वरूपात आणण्याला. आणि गंमत अशी की, हा मजकूर आधीपासूनच एका संगणकात बसलेला असतो! तो संगणक असतो पुस्तकाच्या प्रकाशकाकडे. त्या संगणकातली फाइल ब्रेल करणाऱ्यांच्या हाती का येत नाही, आणि आली तरी काम का अडते, हे समजून घेण्यासाठी प्रथम ब्रेलचे पान कसे तयार होते ते पाहू.

लुई ब्रेल या फ्रेंच गृहस्थाचा जन्म १८०९ सालचा. लहानपणी वडिलांच्या कारखान्यात डोळ्याला इजा होऊन तो अंध झाला. शार्ल बार्बिए याने बारा ठिपक्यांची एक पद्धत काढली होती. ब्रेलने तिच्यात मुळापासून बदल केला आणि १८२९ मध्ये सहा ठिपक्यांची लिपी प्रसिद्ध केली. बारा ठिपके बोटाच्या टोकाखाली एकाच वेळी मावत नाहीत, सहा मावतात, हे त्याच्या लिपीचे मर्म होय. एका घरात ठिपक्यांच्या दोन उभ्या रांगा असतात. डाव्या रांगेतल्या ठिपक्यांना वरून खाली १, २, ३ आणि उजव्या रांगेतल्यांना ४, ५, ६ असे क्रमांक आहेत. प्रत्येक ठिपका एक तर उठलेला असतो किंवा नसतो. म्हणजे एकूण २ चा सहावा घात, ६४ प्रकार होतात. त्यातला एक प्रकार म्हणजे कोरी जागा. राहिलेल्या ६३ चिन्हांत अक्षरे, अंक, विरामचिन्हे, गणिताची चिन्हे, सगळे बसवावे लागते.

भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये 'भारती ब्रेल' ही सामायिक पद्धत ठरली. तिच्यात मराठीचा 'क' म्हणजे १ आणि ३ हे ठिपके, 'म' म्हणजे १, ३, ४ आणि 'अ' म्हणजे एकटा १. सारख्या ध्वनींना भाषा कोणतीही असो, साधारणपणे एकच चिन्ह असते.

ठिपके कागदावर सुमारे अर्धा मिलिमीटर उठलेले असतात. दोन घरांच्या मध्यांत सुमारे ६ मिलिमीटर अंतर असते आणि ते कमी करता येत नाही, कारण बोटाचे टोक लहान करता येत नाही. मोठ्या आकाराच्या ब्रेल पानावर २५ ओळी आणि दर ओळीत ४० घरे धरली, तर १००० घरे होतात. ओळी पूर्ण भरत नाहीत, परिच्छेदांना जागा सोडावी लागते. समजा, एका छापील पानाची अडीच ब्रेल पाने झाली. मग १२० पानांचे पुस्तक ३०० ब्रेल पानांचे होईल. कागद जाड लागतो आणि ठिपके दबून चालत नाहीत. म्हणून एका पुस्तकाचे तीन-चार जाडजूड खंड होतात. तुमच्या दप्तरातल्या एका पुस्तकाच्या जागी तिच्या घरी एक फळी भरते.

पूर्वी हे काम सारे हातांनी होई. लिहिणारा पाटीत कागद अडकवून टोचणीने एकेक ठिपका उठवी, तोही उलट्या बाजूने, उजवीकडून डावीकडे. अधिक प्रती हव्या असतील तर जस्ताच्या दुमडलेल्या पत्र्यावर ठिपके ठोकीत आणि त्या दुमडीत कागद घालून तो दाबीत. पत्र्यावर एखादा ठिपका चुकला, तर तो हातोडीने सपाट करून पुन्हा ठोकायचा! पुढे संगणक आले. मजकूर संगणकात असला की आज्ञावली त्याचे ब्रेल करते आणि यंत्रातल्या बारीक सुया ते कागदावर उठवतात. एकदा केलेले काम जपून ठेवता येते. पुण्याला तयार झालेली फाइल नागपुरात छापता येते.

मात्र 'मजकूर संगणकात असला की' हे शब्द सांभाळून वाचायला हवेत. संगणकाच्या पडद्यावर मजकूर दिसतो याचा अर्थ तो संगणकाला कळतो असा नाही.

पुस्तकाच्या पानाचे छायाचित्र घेऊन ते संगणकात ठेवले, तर तुम्हाला ते वाचता येईल. संगणकाच्या लेखी मात्र ते काळ्या-पांढऱ्या बिंदूंचे जाळे आहे. त्यात 'क' कोठे आहे हे त्याला ठाऊक नसते. ब्रेल करायचे तर त्याला अक्षर ओळखता आले पाहिजे. चित्रातून अक्षरे ओळखणाऱ्या आज्ञावल्या आहेत आणि देवनागरीच्या बाबतीतही त्या आता बऱ्याच सुधारल्या आहेत. तरी 'ख' च्या जागी 'रव' वाचणे, 'ध' ला 'घ' समजणे असे घोटाळे त्या करतात. 'खडू' चा 'रवडू' झाला तर चूक चटकन ध्यानात येते. पण 'धनभार' चा 'घनभार' झाला तर? 'घन' हाही शुद्ध मराठी शब्दच आहे. शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली त्याला अडवणार नाही, आणि विजेच्या धड्यात विद्यार्थिनी गोंधळून जाईल. म्हणून प्रत्येक पान माणसाने तपासावे लागते. याहून जुना मार्ग म्हणजे छापील पुस्तक समोर ठेवून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा टंकलिखित करणे. आजही अनेक ठिकाणी हेच चालते. जो मजकूर एकदा काळजीपूर्वक टंकलिखित होऊन, तपासून, छापून झाला, तोच पुन्हा टंकलिखित करण्यात स्वयंसेवकांचे महिने जातात. ज्ञानाच्या क्षेत्रात श्रमांची याहून मोठी उधळपट्टी मला तरी दुसरी ठाऊक नाही.

तेव्हा प्रकाशकाने आपली फाइल द्यावी, हे उघड उत्तर झाले. पण मराठीच्या बाबतीत येथे एक गाठ आहे, आणि ती सुटल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

संगणक अक्षरे साठवीत नाही. तो क्रमांक साठवतो. कोणत्या क्रमांकाला कोणते अक्षर समजायचे, हा संकेताचा प्रश्न आहे. पूर्वी मराठीसाठी सर्वमान्य संकेत प्रचारात नव्हता. छपाईचे काम करणाऱ्यांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक तसेच ठेवले आणि फक्त त्यांच्या आकृत्या बदलल्या. म्हणजे संगणकाच्या स्मृतीत एखादे रोमन अक्षर आहे, पण पडद्यावर व कागदावर त्या जागी 'क' ची आकृती उमटते. अशा संचाला आपण जुना फॉन्ट म्हणू. छपाईसाठी ही युक्ती झकास होती. कागदावर उत्तम मराठी उमटे. पण तो फॉन्ट काढून घेतला की मागे उरते ती रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी. त्यातही प्रत्येक कंपनीचा फॉन्ट निराळा, म्हणून प्रत्येकाची खिचडी निराळी. अशी फाइल ब्रेलच्या आज्ञावलीला दिली तर ती बिचारी इमानेइतबारे त्या खिचडीचेच ब्रेल करते!

युनिकोड या जागतिक संकेताने हा प्रश्न सोडवला. त्याच्या १९९१ मधल्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. युनिकोडमध्ये 'क' चा क्रमांक २३२५, 'र' चा २३५२ आणि हलन्ताच्या चिन्हाचा २३८१. फॉन्ट कोणताही लावा, क्रमांक बदलत नाही. आज मोबाइलवर तुम्ही मराठीत लिहिता ते युनिकोडमध्येच. छपाईच्या व्यवसायात मात्र जुन्या फॉन्टांची सवय बरीच रेंगाळली.

मग जुन्या फॉन्टातल्या क्रमांकांच्या जागी नवे क्रमांक घातले की झाले, असे तुम्हाला वाटेल. तसे होत नाही. याचे कारण फार मनोरंजक आहे, म्हणून थोडे थांबून पाहू.

'विज्ञान' हा शब्द घ्या. कागदावर पहिली वेलांटी 'व' च्या डावीकडे दिसते. जुना फॉन्ट आकृत्यांच्या क्रमाने चालतो, म्हणून त्यात आधी वेलांटी व मग 'व' साठवलेला असतो. उच्चारात मात्र आधी व् येतो आणि मग इ. युनिकोड उच्चाराचा क्रम पाळते. त्यात हा शब्द व, वेलांटी, ज, हलन्त, ञ, काना, न असा सात क्रमांकांनी लिहिला जातो. आता ब्रेल पाहा. ब्रेलमध्ये व, इ, ज्ञ, आ, न अशी पाचच घरे होतात, कारण 'ज्ञ' ला स्वतंत्र चिन्ह आहे (ठिपके १, ५, ६), आणि वेलांटी व काना यांना वेगळी चिन्हे नसून 'इ' आणि 'आ' हीच अक्षरे व्यंजनामागून येतात.

'सूर्य' मध्ये तर आणखी मजा आहे. रफार दिसतो 'य' च्या डोक्यावर, म्हणून जुन्या फॉन्टात तो 'य' च्या नंतर येतो. युनिकोडमध्ये क्रम असतो स, दीर्घ उकार, र, हलन्त, य. ब्रेलमध्ये हलन्ताचे चिन्ह, म्हणजे एकटा चौथा ठिपका, व्यंजनाच्या आधी येतो: स, ऊ, हलन्त, र, य. वाचणाऱ्या बोटाला पुढचे अक्षर अर्धे आहे याची सूचना आधीच मिळते. अशा रीतीने एकाच शब्दाचे तीन ठिकाणी तीन क्रम झाले.

आणि 'मऊ'? ब्रेलमध्ये नुसते म व ऊ लिहिले तर ते 'मू' असे वाचले जाईल. म्हणून मध्ये 'अ' घालून म, अ, ऊ अशी तीन घरे करावी लागतात.

युनिकोडकडून ब्रेलकडे जाण्याचे हे नियम ठरलेले आहेत, आणि ते जाणणाऱ्या आज्ञावल्या उपलब्ध आहेत. 'लिब्लुई' नावाची तर सर्वांना खुली व विनामूल्य आहे. अडचण आहे ती जुन्या फॉन्टाकडून युनिकोडकडे येण्याची. त्यासाठी प्रत्येक फॉन्टाचे वेगळे रूपांतर-कोष्टक लागते, आणि कोष्टकात नसलेली एखादी आकृती आली की तेथे अक्षर मोडते. म्हणून 'फाइल द्या' एवढी मागणी पुरेशी नाही. फाइल युनिकोडमध्ये हवी.

एवढ्यानेही काम पुरे होत नाही. पाठ्यपुस्तक म्हणजे सलग मजकूर नव्हे. त्यात शीर्षके, उपशीर्षके, स्वाध्याय, तक्ते आणि समासातल्या रंगीत चौकटी असतात. डोळ्यांना मोठा ठसा दिसला की ते शीर्षक आहे हे कळते. बोटाला मोठा ठसा कसा कळणार? ब्रेलमध्ये सगळी अक्षरे एकाच मापाची. म्हणून शीर्षक ओळीच्या मध्यावर घ्यायचे, यादीतल्या बाबी ठरावीक घरापासून सुरू करायच्या, असे नियम असतात. ते पाळायला कोणती ओळ शीर्षक आहे आणि कोणती साधी, हे आज्ञावलीला आधी समजले पाहिजे. चांगल्या फाइलमध्ये प्रत्येक भागाला खूण केलेली असते: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही चौकट. खुणा नसतील तर चौकटीतली माहिती वाक्याच्या मधोमध घुसते. एक खूण तर विशेष महत्त्वाची, ती म्हणजे छापील पानाचा क्रमांक. 'पान ४७ काढा' असे गुरुजी वर्गात म्हणतात तेव्हा ब्रेल वाचणाऱ्या मुलीला तिसऱ्या खंडातले नेमके कोणते पान उघडायचे हे कळायला हवे. म्हणून ब्रेल पानावर मूळ छापील पान कोठे बदलले ते नोंदवतात. फाइलमध्ये पानांची खूण राहिली नसेल, तर ते काम हाताने करावे लागते.

अमेरिकेने या गोष्टीची व्यवस्था कशी लावली ते पाहण्यासारखे आहे. तेथील टेक्सास राज्याने १९९१ मध्येच असा कायदा केला की, शाळांसाठी निवडलेल्या पुस्तकांच्या प्रकाशकांनी ब्रेलसाठी संगणकीय मजकूर द्यावा. १९९६ मध्ये अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती होऊन, अंधांसाठी प्रती करणाऱ्या मान्य संस्थांना प्रकाशकाची परवानगी मागण्याची गरज उरली नाही. पण परवानगी वेगळी आणि फाइल वेगळी. देशभर लागू होईल असा कायदा २००४ मध्ये झाला, आणि २००६ मध्ये फाइलचा एकच नमुना ठरला. तिच्यात मजकूर कोणत्या खुणांनी बांधायचा, चित्रे कशी जोडायची, हे सारे त्यात नक्की केले आहे. या फायली लुइव्हिल या गावी एका भांडारात जमा होतात. हे भांडार १८५८ पासून चालत आलेल्या 'अमेरिकन प्रिंटिंग हाउस फॉर द ब्लाइंड' या संस्थेकडे आहे. राज्य किंवा जिल्हा पुस्तके विकत घेताना करारातच अट घालतो की, फाइल भांडारात जमा करा. राज्याने नेमलेल्या अधिकृत व्यक्तींनाच ती उतरवून घेता येते.

या शेवटच्या वाक्यात प्रकाशकांच्या एका शंकेचे उत्तर आहे. फाइल हातची गेली की कोणीही पुस्तक छापून विकील, ही त्यांची भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु फाइल कोणाकडे गेली याची नोंद राहते आणि ती ठरावीक लोकांनाच मिळते, अशी व्यवस्था करता येते, हे लुइव्हिलच्या भांडाराने दाखवून दिले आहे. तेथेही फाइल म्हणजे तयार ब्रेल पुस्तक नव्हे, ती कच्चा माल आहे. पण एका पुस्तकाचा कच्चा माल एकदाच तयार होतो आणि सर्वांना उपयोगी पडतो.

भारतात १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तकाची प्रत करणे, ते नफ्यासाठी नसेल तर, आता हक्कभंग ठरत नाही. २०१३ मध्ये मोरोक्कोतील माराकेश शहरी याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता (२०१४). वीस देशांच्या मान्यतेनंतर तो ३० सप्टेंबर २०१६ पासून अमलात आला. त्यामुळे एका देशात तयार केलेली प्रत दुसऱ्या देशातील अंध वाचकाला पाठवता येते. 'सुगम्य पुस्तकालय' हे संगणकीय ग्रंथालयही २०१६ मध्येच सुरू झाले. निरनिराळ्या संस्थांनी तयार केलेली पुस्तके त्यात एकत्र येतात, म्हणजे तेच पुस्तक दोन ठिकाणी पुन्हा करण्याचे श्रम वाचतात. परंतु २०१२ ची दुरुस्ती प्रत करू देते. प्रकाशकाने फाइल दिलीच पाहिजे असे ती म्हणत नाही. माझ्या मते खरे काम येथेच अडले आहे. पुस्तकाच्या छपाईचा करार करतानाच 'युनिकोडमधली, खुणा केलेली फाइल सोबत द्यावी' एवढी एक ओळ त्यात असली, तर पुढचे कितीतरी महिने वाचतील.

उत्तम फाइल मिळाली तरी माणसाचे काम संपत नाही. हृदयाच्या आकृतीचे काय करायचे? पुस्तकात शुद्ध रक्त लाल आणि अशुद्ध रक्त निळे दाखवलेले असते. स्पर्शाच्या आकृतीत रंगाऐवजी एका भागाला खरखरीत पोत द्यायचा, दुसरा गुळगुळीत ठेवायचा, बाणांची गर्दी कमी करायची, लागल्यास एका आकृतीच्या दोन करायच्या. यासाठी तो धडा समजलेला माणूसच लागतो. शेवटी मुद्रितशोधन असते. एकजण मूळ पुस्तक मोठ्याने वाचतो आणि दुसरा, बहुधा स्वतः अंध असलेला शोधक, ब्रेल पानावरून बोट फिरवीत ते ताडून पाहतो. फाइलच्या ठिकाणी पुन्हा टंकलेखन करावे लागले नाही, तर या दोघांना आणि आकृत्या करणाऱ्याला पुरेसा वेळ मिळतो.

याच फाइलचा आणखी एक उपयोग आहे. कागदाशिवाय ब्रेल वाचण्याची उपकरणे आता मिळतात. एका पट्टीवर वीस किंवा चाळीस घरे असतात आणि प्रत्येक घरातल्या बारीक सुया विजेच्या संकेताने वर-खाली होतात. एक ओळ वाचून झाली की कळ दाबायची, त्याच जागी पुढची ओळ उठते. चार खंडांचे पुस्तक अशा उपकरणात खिशात मावते. उपकरणे अजून महाग आहेत, आणि आकृत्यांसाठी कागद लागतोच.

जुन्या फॉन्टाची गोष्ट तुम्हाला स्वतः तपासता येईल. पाठ्यपुस्तक मंडळाची पुस्तके 'पीडीएफ' रूपात संकेतस्थळावर मिळतात. इतरही अनेक मराठी मासिके व पुस्तिका मिळतात. अशा दोन-तीन निरनिराळ्या ठिकाणच्या फायली शाळेच्या संगणकावर उघडा. प्रत्येकीतला एक परिच्छेद निवडून त्याची नक्कल करा आणि ती कोऱ्या पानावर चिकटवा. एखाद्या फाइलमधला मजकूर जसाच्या तसा उतरेल. एखाद्यातला रोमन अक्षरांची खिचडी होऊन येईल, तर एखाद्यात बाकी सर्व ठीक, पण वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे जागा सोडून पळालेली दिसतील. कोणते अक्षर कोठे मोडले याची यादी वहीत करा. मग त्याच परिच्छेदातले पाच शब्द घेऊन त्यांची ब्रेल घरे कोणत्या क्रमाने येतील ते लिहून पाहा. 'सूर्य' आणि 'मऊ' तुम्हाला वर सापडतीलच. 'पुढील आकृतीचे निरीक्षण करा' मधला 'निरीक्षण' स्वतः सोडवा. 'क्ष' ला 'ज्ञ' प्रमाणेच एक स्वतंत्र चिन्ह आहे, एवढे ध्यानात ठेवा.